देवटेकची शिळा आणि वर्धा-पैनगंगेचा मुलूख

अशोकाचा एकही शिलालेख यवतमाळ जिल्ह्यात सापडलेला नाही. तरीही त्याच्या लेखांची ठिकाणे नकाशावर मांडत गेले, की वर्धा आणि पैनगंगा या दोन नद्यांमधला आपला मुलूख त्यांच्या मधोमध येतो. पश्चिमेला समुद्रकाठी सोपारा, दक्षिणेला रायचूरकडचे मस्की, उत्तरेला सांची आणि जबलपूरच्या पलीकडचे रूपनाथ. पूर्वेला, आपल्या अगदी शेजारी, चंद्रपूर जिल्ह्याच्या उत्तर भागात नागभीडकडे देवटेक नावाचे खेडे आहे. तिथल्या एका जुन्या देवळापाशी एक लांबरुंद शिळा पडून होती. आज ती नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आहे. महाराष्ट्रातल्या शाळांमधून कलिंगचे युद्ध पिढ्यान् पिढ्या शिकवले जाते, पण विदर्भातल्या या शिळेबद्दल विदर्भातल्याच मुलांना कोणी सांगत नाही. याची मला मनापासून खंत वाटते.

या शिळेवर दोन लेख आहेत आणि त्यांच्यात सहा शतकांचे अंतर आहे. जुना लेख अशोकाच्या काळातल्या ब्राह्मी अक्षरांत, प्राकृत भाषेत कोरलेला आहे. तो पुष्कळ झिजला असला तरी त्याचा गाभा वाचता येतो. कोणी एक स्वामी चिकंबरी या ठिकाणासंबंधी आज्ञा करतो आहे. प्राण्यांना पकडू नये आणि मारू नये, अशी ती आज्ञा आहे. शेवटी वर्षाचा आकडा आहे, चौदा. विदर्भाच्या इतिहासासाठी उभे आयुष्य वेचलेले महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी या लेखाचा कसून अभ्यास केला. लेखात राजाचे नाव नाही. पण अक्षरांचे वळण, आज्ञेचा विषय आणि चौदावे वर्ष या तीन गोष्टी एकत्र ठेवून मिराशींनी तिचा संबंध अशोकाच्या धर्ममहामात्राशी जोडला. राज्याभिषेकाला तेरा वर्षे झाली असता आपण हे अधिकारी नेमले, असे अशोक आपल्या पाचव्या शिलालेखात सांगतो. तेराव्या वर्षी पाटलिपुत्रात नवे खाते निघाले आणि चौदाव्या वर्षी त्या खात्याची आज्ञा वैनगंगेच्या खोऱ्यातल्या एका गावात दगडावर चढली, असा तो हिशेब आहे. मला तो पटतो. अशोकाचा राज्याभिषेक इ. स. पू. २६८ च्या सुमाराचा धरला, तर ही गोष्ट इ. स. पू. २५४ च्या आसपासची ठरते. चिकंबरी म्हणजे देवटेकला लागून असलेले चिकमारा, असेही मिराशींनी दाखवले.

हा काळ समजून घ्यायचा तर काही वर्षे मागे जावे लागते. राज्याभिषेकाला आठ वर्षे झाली असताना अशोकाने कलिंग जिंकले. दीड लाख माणसे देशोधडीला लावली, एक लाख तिथेच मारली गेली आणि त्याच्या कित्येक पट नंतर मेली. हे आकडे कोणा शत्रूने दिलेले नाहीत, विजेत्यानेच दिलेले आहेत. विजयाच्या शिलालेखांत राजे आपला पराक्रम मोजतात. इथे एक राजा आपल्या हातून झालेला संहार मोजतो आणि तो दगडावर कोरून साम्राज्याच्या सीमांपर्यंत पाठवतो. जगाच्या इतिहासात याला जोड सापडणे अवघड आहे. मारल्या गेलेल्यांइतकेच त्याला मागे राहिलेल्यांचे दुःख दिसते. आईबापांची सेवा करणारे, गुरूंचा मान राखणारे, मित्र आणि नोकर-चाकर यांच्याशी नीट वागणारे साधे गृहस्थ युद्धात आपली माणसे गमावतात, हे त्याच्या मनाला लागले आहे. तो म्हणतो, त्या वेळी जितके मेले त्यांचा शंभरावा, हजारावा भाग माणसे जरी आज मेली तरी ते दुःख जड वाटेल.

एका रणांगणावर एका संध्याकाळी राजाचे हृदय पालटले, अशी गोष्ट आपण मुलांना सांगतो. अशोक स्वतः तसे सांगत नाही. रूपनाथ, मस्की अशा ठिकाणच्या लघुलेखांत तो कबूल करतो, की उपासक होऊन अडीच वर्षांहून अधिक काळ झाला, पण पहिले वर्षभर मी फारसा नेटाने लागलो नव्हतो. संघाच्या जवळ गेल्यावर, गेल्या वर्षभरात मात्र मनापासून उद्योग केला. मला हा अशोक त्या गोष्टीतल्या अशोकापेक्षा जास्त जवळचा वाटतो. त्याला वेळ लागला, तो रेंगाळला, मग कामाला लागला. आणि कामाला लागल्यावर त्याने पहिला हात स्वतःच्या घराला घातला.

राजवाड्याच्या मुदपाकखान्यात रोज शेकडो हजारो प्राणी मारले जात. पहिल्या शिलालेखात तो सांगतो, की आता फक्त तीन मारले जातात, दोन मोर आणि एक हरीण, तेही हरीण रोज नाही, आणि पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत. हा हिशेब इतका बारीक आहे की खोटा वाटत नाही. सगळे सोडले असे लिहिणे किती सोपे होते! त्याने शिकारही सोडली. आधीचे राजे विहारयात्रेला निघत, मृगया आणि मौज करत. राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनी अशोक बोधिवृक्षाच्या दर्शनाला गेला आणि त्यानंतर धम्मयात्रा सुरू झाल्या. श्रमण-ब्राह्मणांच्या भेटी, वृद्धांची विचारपूस आणि मदत, खेड्यापाड्यांतल्या माणसांशी प्रत्यक्ष बोलणे, हा या यात्रांचा कार्यक्रम होता. हे ज्या आठव्या शिलालेखात सांगितले आहे, त्याचाच तुकडा पंडित भगवानलाल इंद्रजींना १८८२ मध्ये सोपाऱ्याला सापडला. म्हणजे महाराष्ट्राच्या पश्चिम टोकाला राजाने स्वतः शिकार सोडल्याचा लेख आणि पूर्व टोकाला प्राणी पकडण्या-मारण्यावर बंदी घालणारी आज्ञा, असे हे दोन दगड आपल्या वाट्याला आले आहेत. साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाला, कंदाहारला, १९५८ मध्ये ग्रीक आणि अरामी भाषांतला लेख मिळाला. राजाच्या पदरचे शिकारी आणि कोळी यांनीही शिकार थांबवली, असे त्यात म्हटले आहे. या तीन दगडांवरचे विधान एकच आहे आणि त्याची सुरुवात राजापासून होते.

देवटेकच्या आज्ञेनंतर बारा वर्षांनी, राज्याभिषेकाच्या सव्विसाव्या वर्षी, त्याने न मारायच्या प्राण्यांची यादीच स्तंभांवर कोरली. पोपट, मैना, चक्रवाक, हंस, वटवाघूळ, कासव, साळिंदर, खार, गेंडा, कबुतरे. गाभण किंवा दूध पाजणाऱ्या शेळ्या-मेंढ्या आणि डुकरिणी, सहा महिन्यांच्या आतली पिल्ले. कोंबड्याला खच्ची करू नये. जिवंत किडे असलेला भुस्सा जाळू नये. आणि जंगल विनाकारण किंवा प्राणी मारण्यासाठी पेटवू नये. उन्हाळ्यात टिपेश्वरच्या किंवा उमरखेडकडच्या पैनगंगा अभयारण्याच्या जंगलात वणवा पेटलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही शेवटची ओळ दोन हजार वर्षांपूर्वीची वाटणार नाही.

इथपर्यंत सारे मन भरून यावे असे आहे. पण देवटेकची आज्ञा ज्या प्रदेशात लागली तो प्रदेश कसा होता, हे विचारले की प्रश्न अवघड होतो.

मौर्यकाळचा विदर्भ ओसाड नव्हता. अशोकाच्या आधी कित्येक शतके इथे लोखंड वितळवणारे, घोडे पाळणारे, मृतांवर शिळावर्तुळे उभारणारे लोक राहत होते. नागपूरजवळचे जुनापाणी आणि माहुरझरी, पेंच नदीवरचे नैकुंड ही त्यांची ठिकाणे, आणि नैकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली आहे. वर्धेकाठी कौंडिण्यपूर नांदत होते. आपल्या जिल्ह्यात अरुणावतीकाठच्या आर्णीच्या पांढरीत जुन्या वस्तीचे सातवाहनकाळापर्यंतचे थर मिळाले आहेत. अशोकाच्या लेखांत साम्राज्याच्या दक्षिण अंगाच्या लोकांची जी नावे येतात, त्यांत भोज आहेत, रठिक आहेत, आंध्र आणि पुलिंद आहेत. भोजांचे नाव परंपरेने विदर्भाशी जोडलेले आहे. नदीकाठाने शेती आणि गावे, आणि त्यांच्या मागे मैलोन् मैल जंगल, असा हा मुलूख होता. त्या जंगलातही माणसे होती. पकडणे आणि मारणे हा त्यांच्यासाठी विहारयात्रेचा खेळ नव्हता, ते त्यांचे जेवण होते.

या जंगलवासींचा उल्लेख अशोक तेराव्या शिलालेखात करतो. कलिंगाच्या पश्चात्तापाचा जो मोठा लेख आहे, त्याच्यातच. अपराध करणाऱ्यालाही जितके क्षम्य असेल तितके क्षमा करावे, असे म्हणून झाल्यावर तो राज्यातल्या आटविकांकडे वळतो. त्यांनाही राजा समजावतो, आपल्या विचाराकडे वळवू पाहतो. आणि लगेच बजावतो, की पश्चात्ताप झालेला असला तरी राजाच्या हातात सामर्थ्य आहे. त्यांनी लाज धरावी, म्हणजे त्यांना मारण्याची पाळी येणार नाही.

मी हा भाग वाचतो तेव्हा दर वेळी थांबतो. ज्या लेखात शत्रूच्या प्रजेसाठी इतकी कळवळ आहे, त्याच लेखात जंगलातल्या माणसांना धमकी आहे. अभ्यासकांनी यावर पुष्कळ लिहिले आहे. कोणी म्हणतात, साम्राज्याला लाकूड, हत्ती आणि वाटा हव्या होत्या आणि आटविक त्या अडवत. कौटिल्याचे म्हणून ओळखले जाणारे अर्थशास्त्र आटविकांना चोरांहून धोकादायक मानते, कारण ते संख्येने पुष्कळ असतात, शूर असतात आणि उघड लढतात. त्या ग्रंथाशेजारी ठेवले तर अशोक मवाळ आहे. तो निदान समजावण्यापासून सुरुवात करतो. पण वर्धा-पैनगंगेच्या या मुलखात उभे राहून वाचणाऱ्याने ही धमकी झाकून ठेवू नये. गोंड आणि कोलाम यांच्या पिढ्या या जंगलात वाढल्या. आजचे आदिवासी म्हणजे थेट ते आटविक, असे म्हणायला आधार नाही. पण राज्याची दया आणि जंगलातल्या माणसाचे पोट यांची गाठ इथे तेव्हाही पडत होती आणि आजही पडते.

आजचे सांगायचे तर २०१८ साल यवतमाळ जिल्हा विसरलेला नाही. राळेगाव-पांढरकवड्याच्या पट्ट्यात टी-१ या वाघिणीच्या नावावर तेरा माणसांचे बळी लावले गेले. शेतात कापूस वेचायला जाणे बंद झाले, गुरे चारायला कोणी जाईना. वाघिणीला वाचवा म्हणून देशभरातून आवाज उठले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या जंगलात ती मारली गेली. तिच्यामागे तिचे बछडे राहिले. त्या वेळी दूरच्या शहरांतून कोणी गावकऱ्यांना निर्दय म्हणत होते, तर इथे आपली माणसे गमावलेल्या घरांत वाघिणीच्या कैवाऱ्यांबद्दल संताप होता. दोन्हीकडच्या माणसांचे दुःख खरे होते. प्राण्यावर दया करण्याची आज्ञा काढणे राजधानीतल्या राजाला शोभते, तिची किंमत मात्र जंगलाच्या काठचे गाव मोजते. देवटेकच्या शिळेवरची आज्ञा चिकंबरीच्या लोकांनी कशी ऐकली असेल, हे मी याच अनुभवातून समजून घेऊ पाहतो. अशोकाने निदान आपला मुदपाकखाना आधी बंद करत आणला होता, हे मात्र त्याच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. दुसऱ्याला आज्ञा करण्याचा जो काही अधिकार असतो तो इथून येतो.

अशोकाच्या राज्यकारभाराचा सर्वांत मोलाचा भाग मला वाटतो तो वेगळाच. तेराव्या शिलालेखातला पश्चात्ताप साऱ्या जगाला ऐकवला, पण खुद्द कलिंगात, धौली आणि जौगड इथल्या खडकांवर तो कोरलेला नाही. तिथे अकरा, बारा, तेरा हे लेख वगळले आहेत आणि त्यांच्या जागी दोन वेगळे लेख आहेत. जखमी प्रदेशात जखमेचा हिशेब पुन्हा वाचून दाखवला नाही, त्याऐवजी तिथल्या अधिकाऱ्यांना सूचना दिल्या. पश्चात्तापानंतर काय करायचे असते, याचे उत्तर या दोन लेखांत आहे.

कलिंगातल्या तोसलीच्या महामात्रांना, म्हणजे शहराच्या न्यायाधिकाऱ्यांना, तो सांगतो की तुम्ही हजारो जीवांवर नेमलेले आहात. सगळी माणसे माझी मुले आहेत, आणि मुलांसाठी जे हित आणि सुख इहलोकी-परलोकी हवे असते, तेच मला सगळ्या माणसांसाठी हवे आहे. हे तुम्हाला कितपत कळले आहे, असेही तो विचारतो. एखाद्या माणसाला विनाकारण कैद होते, विनाकारण छळ होतो, आणि त्याच्यामुळे आणखी पुष्कळ माणसे दुःखी होतात. म्हणून मध्यस्थपणे न्याय करा. तो होत नाही कशामुळे, तर मत्सर, संताप, निष्ठुरपणा, घाई, सवयीचा अभाव, आळस आणि थकवा. हे दोष त्याने एकेक करून मोजले आहेत. पुराणातल्या दैत्यांचे हे दोष नव्हेत, कचेरीतल्या माणसांचे आहेत. निर्दयपणाच्या शेजारी त्याने घाई ठेवली, आळस आणि थकवाही ठेवला. हे त्याला कुठून कळले असेल! सहाव्या शिलालेखात तो सांगतो, की मी जेवत असेन, अंतःपुरात असेन, बागेत असेन, प्रजेचे काम असेल तर वार्ताहरांनी कुठेही मला गाठावे. असे राहणाऱ्या राजालाच थकलेल्या अधिकाऱ्याने केलेला अन्याय दिसू शकतो.

आणि हा लेख खडकावर कोरून तो थांबला नाही. तिष्य नक्षत्राच्या दिवशी तो लोकांना वाचून दाखवावा, मधल्या काळातही प्रसंगानुसार वाचावा, आणि ऐकणारा एकच माणूस असला तरी वाचावा, असे तो सांगतो. अधिकाऱ्यांचे दोष मोजणारा लेख अधिकाऱ्यांनीच प्रजेला ऐकवायचा. शिवाय दर पाच वर्षांनी कठोर नसलेला, रागीट नसलेला अधिकारी पाहणीला निघेल, उज्जैन आणि तक्षशिलेहून तर तीन वर्षांच्या आत निघेल. दुसऱ्या लेखात सीमेपलीकडच्या, न जिंकलेल्या लोकांना तो कळवतो की माझी भीती बाळगू नका, माझ्याकडून तुम्हाला सुखच मिळेल, आणि जे क्षमा करण्याजोगे असेल ते मी क्षमा करीन.

अशोकाने सैन्य मोडले नाही, कलिंग परत केले नाही, फाशीही बंद केली नाही. शिक्षा झालेल्याला तीन दिवसांची मुदत मात्र दिली, म्हणजे नातलगांना दाद मागायला किंवा मरणाऱ्याला दानधर्म करून परलोकाची तयारी करायला सवड मिळावी. ही मुदत फार थोडी आहे हे खरे. पण दया ही भावना न राहता कामकाजाची रीत व्हावी, तिला दिवस, अधिकारी, दौरा, वाचन असे हातपाय फुटावेत, ही धडपड त्याच्या प्रत्येक लेखात दिसते. विहिरी खणा, रस्त्याला झाडे लावा, माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधी वनस्पती जिथे नसतील तिथे आणून लावा. लुंबिनीला गेला तर बुद्धाचे जन्मगाव म्हणून तिथला कर कमी करून आला. आणि या सगळ्यात इतर पंथांना त्याने दुखावले नाही. बाराव्या शिलालेखात तो म्हणतो, आपल्या पंथाची उगाच स्तुती करू नका आणि दुसऱ्याच्या पंथाची उगाच निंदा करू नका, दुसऱ्याचे ऐकून घ्या. दीक्षा घेतलेला राजा साऱ्या पंथांचा राजा राहिला, हे त्याच्या बौद्धपणाला उणेपणा आणणारे नाही. मला तर तोच त्याच्या बौद्धपणाचा पुरावा वाटतो.

मौर्यांचे राज्य अशोकानंतर पन्नास वर्षांत संपले. इ. स. पू. १८५ च्या सुमारास शेवटचा मौर्य राजा आपल्याच सेनापतीच्या हातून मारला गेला. दगडावरच्या आज्ञांना पाठबळ देणारे राज्य राहिले नाही. धम्म मात्र या मुलखात टिकला, तो भिक्षू, व्यापारी आणि दान देणाऱ्या साध्या माणसांमुळे. सिंहली महावंसात तिसऱ्या बौद्ध संगीतीनंतर देशोदेशी पाठवलेल्या स्थविरांची नावे आहेत. महारट्ठात महाधम्मरक्खित आले आणि अपरांतात योन धम्मरक्खित. देवटेकहून फार लांब नसलेल्या पवनीला १९६९-७० मध्ये शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी उत्खनन केले, तेव्हा जगन्नाथ टेकडीच्या पोटात भव्य स्तूप निघाला. त्याच्या कठड्यांच्या दगडांवर दात्यांची नावे ब्राह्मीत कोरलेली आहेत. तिथे राजाज्ञा नाही, लोकांनी आपण होऊन दिलेला दगड आहे. आपल्या वणीहून वर्धा ओलांडली की भद्रावतीच्या विजासन टेकडीत बौद्ध लेणी आहेत. कर्नाटकातल्या सन्नतीजवळ कनगनहळ्ळीच्या सातवाहनकालीन स्तूपावर तर एका राजाचे शिल्प आहे आणि त्याखाली राया अशोक असे नाव कोरले आहे. दख्खनच्या लोकांनी त्याला शतकांनंतरही ओळखीत ठेवले होते.

देवटेकच्या शिळेचे मात्र वेगळेच झाले. चौथ्या शतकात वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याने चिक्कंबुरीला, म्हणजे त्याच चिकंबरीला, आपले धर्मस्थान उभारले आणि त्याचा लेख त्याच शिळेवर कोरवला. रुद्रसेन महाभैरवाचा उपासक होता. नव्या लेखाला जागा करताना जुन्या लेखाची काही अक्षरे छिलली गेली. वाकाटकांचे राज्य विदर्भाच्या इतिहासातले वैभवाचे पर्व आहे. त्याच घराण्याच्या वत्सगुल्म शाखेच्या काळात अजिंठ्याची सुंदर लेणी झाली. त्यामुळे रुद्रसेनाला दोषी ठरवण्यात अर्थ नाही. पण सहाशे वर्षांत त्या आज्ञेची लिपी वाचणारेही उरले नसावेत. पुढे हिंदुस्थानातून अशोकाचे अक्षरच हरवले. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी उलगडली आणि १९१५ मध्ये मस्कीच्या लेखात अशोक हे नाव स्वच्छ वाचता आले, तेव्हा कुठे देवानांपिय राजा म्हणजे तोच, याची खात्री पटली. एवढ्या काळात त्याचे नाव भारतात पुराणांच्या वंशावळ्यांत आणि बौद्ध कथांत राहिले होते, त्याचे शब्द कोणालाच ठाऊक नव्हते.

ते शब्द पुन्हा हाती आल्यावर शंभर-सव्वाशे वर्षांत विदर्भात जे घडले, त्याची कल्पना प्रिन्सेपला येणे शक्य नव्हते. १४ ऑक्टोबर १९५६ ला, विजयादशमीला, नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून धम्मदीक्षा घेतली आणि मग स्वतः लाखो लोकांना दिली. अशोकाने याच दिवशी धम्म स्वीकारला, अशी परंपरा आहे, म्हणून आजही तो दिवस अशोक विजयादशमी म्हणून पाळला जातो. नागपूरच का, याचे उत्तर बाबासाहेबांनी दुसऱ्या दिवशीच्या भाषणात दिले. या भागातल्या नाग लोकांनी बौद्ध धर्म पसरवला, असे त्यांनी सांगितले. त्यानंतर तेरा वर्षांनी पवनीच्या स्तूपातून मुचलिंद नागाचे शिल्प बाहेर आले. १६ ऑक्टोबरला बाबासाहेब चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, गेले. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांच्या पुढाकाराने तिथे दीक्षा समारंभ झाला. चांदा जिल्हा म्हणजे देवटेकचाच जिल्हा. तिथे जमलेल्यांनी ज्या बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्यांत प्राणिमात्रांवर दया करीन ही एक प्रतिज्ञा आहे. देवटेकला स्वामी आज्ञा करत होता. चांद्याच्या मैदानावर आज्ञा करणारा राजा नव्हता, हजारो माणसे ती गोष्ट स्वतःच्या तोंडाने, मी म्हणून बोलत होती. ज्यांना हजारो वर्षे कोणी बरोबरीने वागवले नव्हते, त्यांनी हे वचन दिले, हे त्यातले सर्वांत मोठे.

सात आठवड्यांनी, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले. त्याआधी देशाच्या ध्वजावर सारनाथचे चक्र आले होते आणि २६ जानेवारी १९५० ला तिथल्याच स्तंभशीर्षाचे सिंह राज्याची मुद्रा झाले होते. आज यवतमाळ जिल्ह्यातल्याही सरकारी कागदांवर ते सिंह छापलेले दिसतात. कोलाम पोडावरचा माणूस वनहक्काचा दावा घेऊन जातो, नवऱ्याने शेतात जीव दिला म्हणून बाई मदतीचा अर्ज घेऊन जाते, वाघाने गाय मारली म्हणून शेतकरी पंचनाम्यासाठी थांबतो, तेव्हा त्यांच्या हातातल्या किंवा त्यांना मिळणाऱ्या कागदावर अनेकदा अशोकाची मुद्रा असते. त्या मुद्रेबरोबर धौलीचा लेखही आपल्या कारभारात यावा, अशी माझी इच्छा आहे, आणि मी ती गंभीरपणे मांडतो आहे. पांढरकवडा, झरी-जामणी, मारेगाव, राळेगाव, घाटंजी इथल्या तहसील आणि वनखात्याच्या कार्यालयांत, दर चार महिन्यांनी, अधिकाऱ्यांचे सात दोष सांगणारा तो लेख मराठीत, गोंडीत आणि कोलामीत मोठ्याने वाचावा. वाचणारा स्वतः अधिकारी असावा. आणि ऐकायला व्हरांड्यात एकच माणूस आला असेल, तर त्याच्यासाठीही वाचावा.